आजीच्या पोशाखातली मी

पत्राचा गोषवारा

पत्र लिहिणारी वाचक तिशीतली आहे. नोकरी सांभाळून काही वर्षांपासून चित्रकलेच्या वर्गाला जाते. आई आणि वडील वेगवेगळ्या समाजांतले, वेगवेगळ्या भाषांचे. ती वाढली आईच्या भाषेत, आईच्या माणसांत. लग्नानंतर वडिलांच्या घराशी संबंध तुटले ते पुन्हा जुळलेच नाहीत. वडील त्याबद्दल बोलत नाहीत आणि त्यांची भाषा तिला येत नाही. त्या घरातलं तिच्या हाती आलेलं एकच काही आहे: वडिलांच्या आईचा स्टुडिओत काढलेला कृष्णधवल फोटो.

वर्गाचं प्रदर्शन काही महिन्यांवर आलं आहे. विषय आहे सेल्फ-पोर्ट्रेट, म्हणजे स्वतःच स्वतःचं काढलेलं चित्र. तिने मोठा कॅनव्हास घेतला आणि फोटोतल्या आजीचा पोशाख आणि दागिने घातलेली अशी स्वतःला रंगवायला घेतली. चित्र अर्धंअधिक झाल्यावर शिक्षक म्हणाले, "हे फॅन्सी ड्रेससारखं दिसतंय." आईने विचारलं, "यात मी कुठे आहे?" वडिलांनी पाहिलं आणि काही न बोलता ते आत निघून गेले; त्यांना आवडलं नाही, असं तिला वाटतं. तिचे प्रश्न असे: ज्या घराची भाषाही येत नाही, त्या घराचा वारसा रंगवायचा मला हक्क आहे का? त्यापेक्षा आईची बाजू रंगवावी का, जी मला खरोखर माहीत आहे? चित्र पुरं करू की सोडून देऊ?

पत्राच्या शेवटी कंसात एक वाक्य आहे: चेहऱ्याचा रंग आहे त्याहून बराच उजळ लागलाय, "रंग वडिलांवर गेला" हे लहानपणापासून ऐकत आलेय, तेवढं नंतर दुरुस्त करीन.

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

कंसात टाकलेलं ते वाक्य मला तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

वडिलांच्या घराचा वारसा कपड्यांतून, दागिन्यांतून बाहेरून आणावा लागेल, असं तुम्ही धरून चालला आहात. तो तर तुमच्या चेहऱ्यावरच आहे. सगळ्या नातेवाइकांनी तुम्हाला ते लहानपणापासून सांगितलंय, भले कौतुकाने नसेल. आणि ब्रश हातात आल्यावर तुम्ही आजीचे दागिने एकेक करून निगुतीने रंगवलेत, पण तिच्या घरून आलेला रंग मात्र पांढऱ्याने झाकलात. मी हा ठपका ठेवत नाही. वर्षानुवर्षं असं ऐकलेल्या माणसाचा हात पॅलेटवर आपोआप पांढऱ्याकडे जातो. मात्र "नंतर दुरुस्त करीन" म्हणून बाजूला ठेवण्याजोगी ही गोष्ट नाही. तुमच्या चित्राचा विषयच तो आहे. हक्काचा प्रश्न, पोशाखाचा प्रश्न, आईचा प्रश्न हे सगळे त्यानंतर येतात, आणि त्यानंतर आले की जरा सोपेही होतात.

यात तुमच्या मनाचा भाग किती आणि डोळ्यांच्या फसगतीचा किती, हेही पाहायला हवं. तुम्ही पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरुवात केली असेल, तर पहिला लावलेला कुठलाही रंग शेजारच्या पांढऱ्यामुळे असतो त्याहून गडद दिसतो. मग तो "जास्त काळा झाला" असं वाटून आपण तो उजळवतो, आणि पार्श्वभूमी भरून झाली की लक्षात येतं, चेहरा फिकट पडलाय. गोऱ्या माणसाचं चित्र काढतानाही हे होतं. म्हणून कॅनव्हासला आधी मध्यम तपकिरी किंवा राखाडी पातळ थर देऊन घ्या, तो वाळू द्या आणि मग सुरुवात करा. तरीही हात पांढऱ्याकडेच गेला, तर त्याचं कारण कॅनव्हास नाही, हे तुमचं तुम्हालाच कळेल.

आता फोटोबद्दल. तो तुम्हाला आजीपर्यंत नेणारा एकमेव पुरावा वाटतोय, आणि म्हणून त्यातली प्रत्येक गोष्ट खरी धरून तुम्ही ती उतरवताय. पण स्टुडिओत काढलेला फोटो हा स्वतःच एक रचलेलं चित्र असतो. मागचा पडदा रंगवलेला असतो, खुर्ची स्टुडिओची असते. कित्येक स्टुडिओ गिऱ्हाइकांसाठी कपडे आणि दागिनेही ठेवत. ही पद्धत जगभर होती. त्यामुळे ज्या पोशाखावर तुमचा हक्क आहे की नाही म्हणून तुम्ही झुरताय, तो आजीचा स्वतःचा होता का, हेच आधी विचारायला हवं. कदाचित तीही त्या दिवशी उसन्या कपड्यांत बसली असेल. तसं असेल तर शिक्षकांचा "फॅन्सी ड्रेस" हा शब्द तुम्हाला इतका टोचायला नको.

त्या फोटोतल्या छटांवरही भिस्त ठेवू नका. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसत नसे. लाल कापड त्यात काळपट येई, निळं कापड फिकट येई आणि त्वचा होती त्याहून सावळी दिसे. दुसरीकडे, रिटचिंग करणारे निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने काम करून सुरकुत्या घालवत आणि चेहरा उजळत. तुमच्याकडचा फोटो नेमक्या कुठल्या फिल्मवरचा आहे हे इथे बसून सांगता येणार नाही, पण आजीच्या चेहऱ्यावरूनही असा उजळ करणारा हात फिरलेला असू शकतो. फोटोवरून तिचा रंग उचलण्यापेक्षा स्वतःच्या गालावरून उचलणं जास्त भरवशाचं आहे.

डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगने 1888 साली आपल्या आईचं चित्र एका कृष्णधवल फोटोवरून केलं. तो रंगहीन फोटो त्याला बघवेना, म्हणून मनात होती तशी आई त्याने रंगांत आणली, असं त्याने भावाला पत्रातून कळवलं होतं. तुमची अडचण अशी की तुमच्या मनात आजीचा रंग नाहीच, तुम्ही तिला पाहिलेलंच नाही. पण तो ज्यांच्या मनात आहे ते तुमच्याच घरात राहतात.

वडील न बोलता आत गेले, याचा अर्थ तुम्ही "त्यांना आवडलं नाही" असा लावलाय. असेलही. पण ज्या माणसाने आपल्या आईला कित्येक वर्षं पाहिलं नाही, तिचे कपडे घालून त्याची मुलगी अचानक समोर बसलेली दिसली, तर त्याला शब्द सुचणार तरी कुठून? ती शांतता नापसंतीची होती असं मी तरी लगेच म्हणणार नाही. मात्र एक विनंती आहे. चित्राचा दबाव टाकून त्यांच्याकडून जुनी हकीकत काढून घेऊ नका. "तुमच्या घरी काय झालं होतं?" या प्रश्नाला ते आजवर उत्तर देऊ शकलेले नाहीत, चित्र पाहूनही देणार नाहीत. त्याऐवजी चित्रकाराला लागतो तेवढाच प्रश्न विचारा. फोटो हातात द्या आणि म्हणा, "बाबा, हे कापड कुठल्या रंगाचं होतं?" एवढंच. या प्रश्नाला एका शब्दातही उत्तर देता येतं, "आठवत नाही" म्हणता येतं आणि वाटलं तर पुढेही बोलता येतं. किती बोलायचं ते त्यांच्या हातात राहतं. रंग सांगितला तर तो वापरा. नाही सांगितला तर तो भाग फोटोसारखा करड्या छटांतच ठेवा. आपल्यापर्यंत न पोहोचलेली गोष्ट चित्रात न पोहोचलेलीच दाखवणं हे मला अंदाजाने भरलेल्या झगझगीत रंगापेक्षा जास्त खरं वाटतं.

हक्काच्या प्रश्नाकडे येते. वारसा म्हणजे पूर्ण माहीत असलेली, कागदोपत्री सिद्ध झालेली गोष्ट, असं तुमच्या पत्रात गृहीत धरलेलं दिसतं. मेक्सिकोची चित्रकार फ्रिदा काहलो हिचं उदाहरण घ्या. तिचे वडील जर्मनीत जन्मलेले, आई मेक्सिकन. 1936 साली तिने "माझे आजी-आजोबा, माझे आईवडील आणि मी" हे चित्र केलं. त्यात ती लहान मुलगी होऊन घराच्या अंगणात उभी आहे, हातात लाल फीत आहे, आणि ती फीत वर आईवडिलांकडे आणि दोन्हीकडच्या आजी-आजोबांकडे जाते. आईकडचे आजी-आजोबा मेक्सिकोच्या जमिनीवर आहेत, वडिलांकडचे समुद्रावर. मधले आईवडील तिने त्यांच्या लग्नाच्या फोटोवरून घेतलेत, म्हणजे तिचीही सुरुवात फोटोपासूनच होती. वडिलांचं घराणं हंगेरियन ज्यू होतं असं फ्रिदा सांगत असे. पुढे संशोधकांनी कागदपत्रं तपासली तेव्हा ते जर्मन प्रोटेस्टंट कुटुंब असल्याचं दिसून आलं. त्यामुळे चित्र खोटं ठरलं का? मला नाही तसं वाटत. ऐकलेलं, समजलेलं आणि हातात आलेलं यांतून एक मुलगी स्वतःची जागा कशी शोधते, हे ते चित्र दाखवतं, आणि तेवढं ते पुरेपूर दाखवतं. तुम्हाला भाषा येत नाही, माणसं भेटली नाहीत, फक्त एक फोटो आला. मग तुमचा वारसा तेवढाच आहे, आणि तेवढा रंगवायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही.

दोन गोष्टींना मात्र परवानगी लागते. त्या पोशाखातलं किंवा दागिन्यांतलं काही त्या समाजात धार्मिक किंवा विधीपुरतंच वापरायचं असेल, तर जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय ते प्रदर्शनात मांडू नका. आणि आजीचा चेहरा ओळखू येईल असं काही लोकांसमोर ठेवण्याआधी वडिलांचा होकार घ्या. ती तुमची आजी असली तरी त्यांची आई आहे.

पोशाखाचंच म्हणाल, तर दुसऱ्याचं रूप घेऊन स्वतःला रंगवण्यात मुळात काही चूक नाही. चित्रकार अमृता शेर-गिल यांची आई हंगेरियन, वडील शीख. 1934 साली त्यांनी "ताहितीयन म्हणून स्वतःचं चित्र" केलं. त्यांच्या दोन्ही घरांपैकी एकाही घराचा पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटाशी संबंध नव्हता. फ्रेंच चित्रकार पॉल गोगँने रंगवलेल्या ताहितीच्या स्त्रिया ज्या पवित्र्यात दिसतात, तशा त्या उभ्या आहेत, आणि मागे एका पुरुषाची सावली आहे. या चित्राचे अनेक अर्थ लावले गेलेत. मला त्यात भिडतं ते असं की उसनं घेतल्याचं चित्र लपवत नाही. मागची सावली सांगते की या देहाकडे कुणीतरी पाहतंय, आणि त्या नजरेची चित्रकर्तीला पूर्ण जाणीव आहे. तुमच्या कॅनव्हासवर हेच हरवलंय. तिथे पोशाख अंगावर असा बसलाय की जणू तो रोजचाच आहे. तो तुमच्या मापाचा नाही हे दिसू द्या. फोटो चित्रातच दिसू द्या, हातात किंवा भिंतीवर. खांद्याशी कापड अपुरं ठेवा. नुसती रेषा राहिली तरी चालेल. शिक्षकांचं बोलणं थोडं कडवट असलं तरी त्यांचा रोख मला इथेच वाटतो.

तरी मी तुम्हाला लगेच त्या मोठ्या कॅनव्हासकडे परत पाठवणार नाही. तो भिंतीकडे तोंड करून ठेवा, खरवडू नका. आणि आधी छोटे अभ्यास, म्हणजे सरावाची चित्रं करा, फक्त चेहऱ्याची, रोजच्या साध्या कपड्यांत. फ्रिदाचं ते वंशवृक्षाचं चित्र जस्ताच्या पत्र्यावर आहे आणि जेमतेम 31 बाय 35 सेंटिमीटरचं आहे. सगळं घराणं त्यात मावलंय. तुम्हाला चेहऱ्यासाठी यापेक्षा मोठा आकार लागू नये.

आरसा आणि बोर्ड शेजारीशेजारी ठेवा, म्हणजे मान न वळवता नुसती नजर हलवून दोन्ही दिसेल. उजेड एकाच बाजूने येऊ द्या. पाय कुठे होते तिथे जमिनीवर चिकटपट्टीची खूण करा, नाहीतर दुसऱ्या बैठकीला चेहऱ्याचा कोन बदलतो आणि आपण नाकाशी झगडत राहतो. फोनवरच्या सेल्फीवरून काम करू नका, कॅमेरा इतका जवळ असतो की नाक मोठं आणि कान मागे गेलेले येतात. आणि सुरू करण्याआधी एक डोळा मिटून आरशातल्या आपल्या चेहऱ्याची बाह्यरेषा आरशाच्या काचेवरच मार्करने काढा, मग बाजूला होऊन ती मोजा. ती तुमच्या चेहऱ्याच्या बरोबर निम्मी भरेल, तुम्ही कितीही जवळ किंवा लांब उभ्या असा. इतकी वर्षं रोज समोर असलेलं माप आपण कधी पाहिलंच नव्हतं, हे त्यातून कळतं. चेहऱ्याच्या रंगाचंही असंच असतं.

रंगासाठी चारच ट्यूब घ्या: यलो ऑकर (मातकट पिवळा), एक उबदार लाल, आयव्हरी ब्लॅक आणि पांढरा. स्वीडिश चित्रकार आंदेर्स झोर्न याच्या नावाने ही पॅलेट, म्हणजे रंगांची ही निवड, ओळखली जाते आणि जगातल्या बहुतेक त्वचा हिच्यातून निघतात. "स्किन कलर" नावाची ट्यूब असेल तर ती दूर ठेवा, ती कुणाच्याच त्वचेची नसते. पहिल्या बैठकीत पांढरा पॅलेटवर काढूच नका. उरलेल्या तिघांतून चेहऱ्याच्या सावलीतली छटा मिसळा, पॅलेट नाइफवर, म्हणजे रंग मिसळायच्या बोथट सुरीवर, घ्या आणि आरशात बघत गालाजवळ धरा. उजेड दोन्हींवर सारखाच पडायला हवा. नाइफवरचा रंग गालात मिसळून जाईपर्यंत बदलत राहा. गालाला लावू नका, नुसता जवळ धरा. मनातला आपला रंग आणि गालावरचा रंग यांतलं अंतर या एका कृतीतून डोळ्यांना दिसतं. काहींना पहिल्यांदा रडू येतं. आलं तर येऊ द्या, आणि मग तोच रंग लावा. पांढरा पुढच्या बैठकीत, सर्वांत उजळ जागांपुरता आणा.

गडद त्वचा म्हणजे एकच गडद रंग नव्हे. कपाळ जरा पिवळसर असतं, गाल आणि नाक तांबूस, जबड्याकडे छटा थंड होत जाते, आणि सावळ्या त्वचेवरच्या चमकेत खिडकीतल्या आभाळाचा निळा सरळ उतरतो. केरी जेम्स मार्शल या अमेरिकन चित्रकाराने 1980 साली आपल्या जुन्या रूपाची सावली म्हणून स्वतःचं चित्र केलं. त्यात काळ्या पार्श्वभूमीवर काळा चेहरा आहे, पहिल्या नजरेत डोळ्यांतला पांढरा, दात आणि शर्टाचा पांढरा तुकडा एवढंच दिसतं. पुढच्या कामात त्यांनी तीन वेगवेगळे काळे वापरले, कुणात निळा मिसळला, कुणात हिरवा, कुणात जांभळा. ज्याला लोक एकच रंग म्हणत होते त्यातलं वैविध्य त्यांनी आयुष्यभर दाखवलं. सावळी त्वचा रंगवताना चिखल होतो म्हणून घाबरणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने त्यांची चित्रं जरूर पाहावीत.

आजीशी साम्य शोधत असाल तर आणखी एक सांभाळा. आरशातला चेहरा उलटा असतो. व्हॅन गॉगने 1889 साली जखमी कानासह आरशात बघून स्वतःला रंगवलं, त्यात पट्टी उजव्या कानावर दिसते, जखम मात्र डाव्या कानाची होती. आरशातल्या तुम्ही आणि फोटोतली आजी यांची भुवई किंवा ओठाची मुरड जुळवताना डावं-उजवं अदलाबदल होणार. दोन आरसे काटकोनात जोडून मधल्या सांध्यात पाहिलंत, तर जग तुम्हाला जसं पाहतं तसा चेहरा दिसेल. आजीशी तुलना त्याच्याशी करा.

राहिली आई. "यात मी कुठे आहे?" या प्रश्नावर तुमच्या मनात लगेच वाटणी आली, एक बाजू निवडायची की दुसरी. आईने वाटणी मागितलेली नाही. जिने वाढवलं, जिची भाषा तुम्ही बोलता, तिला त्या कॅनव्हासवर स्वतःची एकही खूण दिसली नाही, म्हणून ती दुखावली. चित्रात कोपऱ्यात तिच्याकडची एखादी वस्तू आणून ठेवलीत तर ती समजूत काढल्यासारखी होईल, ते करू नका. त्यापेक्षा तिला तुमच्याशेजारी आरशासमोर बसवा आणि तिचाही चेहरा त्याच चार रंगांत करा. हनुवटी कुणाची, पापण्यांचं वळण कुणाचं, हे रंगवताना हाताला जसं कळतं तसं नुसतं बघून कळत नाही. त्यानंतर तुम्ही स्वतःचं चित्र कराल तेव्हा ती त्यात असेल. दोन्ही घरं एकाच कॅनव्हासवर बसवण्याची गरजही नाही. डच चित्रकार रेम्ब्राँने स्वतःला रंगांत, एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर कोरून घेतलेल्या छापांत) आणि रेखाटनांत मिळून सुमारे 80 वेळा पाहिलं. एकाच चित्रात सगळं सांगायची घाई त्याने केली नाही, तुम्हीही करू नका.

ज्यांच्याकडे एकही फोटो नाही, जे दत्तक गेले, ज्यांना मूळ घर ठाऊकच नाही अशा वाचकांनाही मी इथूनच सुरुवात करायला सांगेन: आरसा, एका बाजूचा उजेड आणि गालाशी धरलेला नाइफ. याला कुळाची माहिती लागत नाही. फक्त, साम्य शोधायचा हट्ट धरू नका. ज्या चेहऱ्याला ताडून बघायला दुसरा चेहरा नाही, तो अधिक काळजीने पाहावा लागतो, आणि अशी काही व्यक्तिचित्रं मी पाहिलेली सर्वांत एकाग्र व्यक्तिचित्रं आहेत.

तुमचा शेवटचा प्रश्न, पुरं करू की सोडू. प्रदर्शनासाठी मोठा कॅनव्हास ओढून-ताणून पुरा करू नका. छोट्या अभ्यासांतला एक द्या, आणि तुमचा व आईचा चेहरा शेजारीशेजारी लावायचा असेल तर आईला विचारून दोन्ही द्या. शिक्षकांना हा बदल आत्ताच सांगा, भिंतीवरची जागा आणि फ्रेमचं माप त्यांना वेळेत ठरवावं लागेल. मोठं चित्र घरीच राहू द्या. चेहऱ्याचा रंग सापडला की त्यावरचा उजळ थर खरवडून न काढता वरून पातळ पातळ थरांनी गडद करत जा, कडेला थोडा जुना उजळ रंग दिसत राहिला तरी हरकत नाही. आणि बाबांनी कापडाचा रंग सांगितला, तर तो मिसळून बघताना त्यांना बोलावून घ्या. बरोबर आला की नाही, ते तेच सांगू शकतील.